जुन्या घरात पूर्वी कोण राहत होतं?

चिरेबंदी: मालवणजवळ गावठाणात जुनं घर आहे, सातबारा निघत नाही. सुरुवात कुठून करू?

मोडीवाचक: ग्रामपंचायतीत नमुना ८ मागा, घरपट्टीची आकारणी त्यात असते. तलाठ्याकडचा ८अ, म्हणजे जमिनीचा खाते उतारा, वेगळा. इथेच निम्मे लोक घोळ घालतात. घरपट्टीवर नाव म्हणजे मालकी नव्हे, भोगवटादारही, म्हणजे नुसता राहणाराही, सापडतो. सिटी सर्व्हे झाला असल्यास मालमत्ता पत्रक काढा, त्यावरून फेरफार क्रमांक (नाव बदलल्याच्या नोंदीचा) धरून मागे मागे जा.

खाजण: सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला वेगळा झाला, म्हणून त्याआधीचे कागद रत्नागिरीतही विचारा. राहणाऱ्यांसाठी कोतवाल बुकातल्या, म्हणजे गावच्या जुन्या नोंदवहीतल्या, जन्म-मृत्यूच्या नोंदी बघा. बऱ्याचदा मोडी लिपीत असतात; फोटो तिरका काढलात तर वाचणारा वैतागेल.

चिरेबंदी: उद्याच ग्रामपंचायत गाठतो.