स्वमग्न पात्र पडद्यावर खरे वाटण्यासाठी काय करावे?

सारिपाट (प्रश्न)

नमस्कार. मी एका मालिकेची पटकथा लिहीत असून तिच्यातील एक प्रमुख पात्र पंचविशीतील स्वमग्न (ऑटिस्टिक) तरुणी आहे. ती ग्रंथालयात काम करते आणि धाकट्या बहिणीसोबत राहते. पहिल्याच भागात प्रेक्षकांना तिची स्वमग्नता लक्षात आली पाहिजे, अशी निर्मात्यांची अपेक्षा आहे. त्यासाठी नजर चुकवणे, एकसुरी बोलणे आणि जमल्यास अचाट स्मरणशक्ती, असे घटक त्यांनी सुचवले आहेत. मला ते पटत नाही. मात्र त्यांच्यापुढे ठेवण्याजोगा पर्याय हवा आहे. एका मनोविकारतज्ज्ञांनी संहिता वाचली आहे. तेवढे पुरेसे मानावे का, आणि ही भूमिका स्वमग्न अभिनेत्रीनेच करावी हा आग्रह कितपत धरावा?

शांतकोपरा

मी स्वतः स्वमग्न आहे आणि माझे निदान प्रौढ वयात झाले. अचाट स्मरणशक्ती आधी काढून टाकावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १९८८ च्या ‘रेन मॅन’ या चित्रपटाने हा विषय असंख्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचवला हे खरे, पण त्याबरोबर एक साचाही रूढ केला. ज्या किम पीक यांच्यावरून त्यातील अचाट स्मरणशक्तीच्या स्वमग्न पात्राची कल्पना सुचली, ते स्वमग्न नसावेत असे पुढे तज्ज्ञांचे मत झाले, तरी साचा तसाच राहिला. बहुसंख्य स्वमग्न माणसांकडे अशी अलौकिक देणगी नसते, आणि ती नसली की आमच्या अडचणीही पुष्कळांना खऱ्या वाटत नाहीत.

तज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्यावा, परंतु निदानाचे निकष प्रामुख्याने बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसते ते नोंदवतात. ‘नजरेला नजर देत नाही’ एवढे त्यांत येते. समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिले तर त्याचे शब्द माझ्या डोक्यात शिरत नाहीत, म्हणून मी टेबलाच्या कडेकडे पाहते, हे येत नाही. तुमच्या नायिकेला एक साधा फोन करायचा आहे असे समजा. ती आधी वाक्ये कागदावर लिहून काढील, पलीकडून येऊ शकतील अशी उत्तरे गृहीत धरून त्यांना काय म्हणायचे तेही ठरवील आणि मग अगदी सहज सुचल्यासारखे बोलेल. पण एखादा अनपेक्षित प्रश्न आला की कागदावर बोट तसेच ठेवून गप्प होईल. पहिल्या भागासाठी एवढा प्रसंग पुरेसा आहे. असा मुखवटा वापरण्याची सवय स्त्रियांमध्ये विशेष आढळते, त्यामुळे निदान लांबते, आणि घरी परतल्यावर त्यापायी येणारा थकवा पडद्यावर क्वचितच दिसतो.

डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये ‘दुहेरी समानुभूती’ची मांडणी केली. गैरसमज दोन्ही बाजूंनी होतात, इतरांनाही आम्ही उमगत नाही, असे तिचे सार सांगता येईल. तुमच्या संहितेत फक्त तीच इतरांना चुकीचे समजत असेल, तर ते प्रसंग पुन्हा लिहावेत.

ध्वनिपट

मी ध्वनिसंकलन करतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. स्वमग्न पात्राचा संयम सुटण्याचा प्रसंग बहुधा लांबून चित्रित होतो: ओरडणारी व्यक्ती, ओशाळलेले नातेवाईक आणि वर चढत जाणारे संगीत. प्रेक्षक मग नातेवाइकांच्या बाजूने उभा राहतो. त्याऐवजी काही मिनिटे आधीपासून दिव्याची गुणगुण, खुर्च्या सरकण्याचा आवाज आणि दोघांचे एकाच वेळी चाललेले बोलणे, सगळे एकाच पातळीवर ठेवून पाहा. कोणताही आवाज मागे जाऊ देऊ नका. घरच्यांना कळण्याआधी प्रेक्षकाला कळले पाहिजे. मात्र हे तंत्र प्रत्येक भागात वापरले, तर त्याचाही साचा होईल.

आकाशी_पाटी

शांतकोपरा यांचे म्हणणे मला मान्य आहे, तरी एक गोष्ट जोडावीशी वाटते. पडद्यावरची बहुतेक स्वमग्न पात्रे बोलणारी आणि नोकरी करणारी असतात. माझा मुलगा बोलत नाही, टॅबलेटवर अक्षरे दाबून सांगतो, आणि एका वाक्याला त्याला पुष्कळ वेळ लागतो. तेवढा वेळ दृश्यात थांबण्याची तयारी मला फार कमी ठिकाणी दिसली. ‘लूप’ (२०२०) या अ‍ॅनिमेशन लघुपटातील न बोलणाऱ्या रेनीला तशाच एका मुलीने आवाज दिला आहे, म्हणजे हे अशक्य नाही.

भूमिकेबाबत आग्रह धरावाच. केयला क्रोमर यांनी २०२० मध्ये एका मालिकेत आणि क्लोई हेडन यांनी २०२२ मध्ये ‘हार्टब्रेक हाय’ या मालिकेत स्वमग्न तरुणींच्या भूमिका केल्या, दोघीही स्वतः स्वमग्न आहेत. उलट ‘म्युझिक’ (२०२१) या चित्रपटाच्या वेळी, स्वमग्न मुलीला चित्रीकरण त्रासदायक वाटले म्हणून भूमिका दुसरीला दिल्याचे दिग्दर्शिकेने सांगितले होते. अशा वेळी अभिनेत्री बदलण्याऐवजी चित्रीकरणाची पद्धत बदलावी: वेळापत्रक आधी लेखी द्यावे, विश्रांतीला शांत खोली असावी, सेटवर गर्दी कमी ठेवावी. त्याच चित्रपटात मुलीला अंगाखाली दाबून आवरण्याची दृश्ये होती. असे दाबल्याने माणसे दगावली आहेत. ते मायेचे कृत्य म्हणून कधीही दाखवू नये.

सारिपाट

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. फोनचा प्रसंग मी पहिल्या भागासाठी लिहायला घेते. स्वमग्न सल्लागार कोणत्या टप्प्यावर घ्यावा?

शांतकोपरा

कथेचा आराखडा ठरत असतानाच घ्यावा, कारण संहिता पक्की झाल्यावर फक्त संवादांतले शब्द बदलता येतात. शक्यतो एकाहून अधिक जण असावेत, मानधन ठरलेले असावे आणि कच्चे संकलन पाहून हरकत नोंदवण्याचा अधिकार त्यांच्या करारात लिहिलेला असावा.