मदत हवी आहे: इन्कोनेल ७१८ च्या रिंगवर एका जॉबला तीन-तीन कॉर्नर जातायत

अंबड_टर्निंग

नमस्कार मंडळी. अंबडला सीएनसी टर्निंगचं जॉबवर्क करतो. सध्या इन्कोनेल ७१८ (निकेलचा चिवट मिश्रधातू) च्या फोर्ज केलेल्या ४० रिंगा मशीनवर आहेत. एजिंग (उष्णता देऊन कडक करणं) झालेलं मटेरियल, कडकपणा ४२ एचआरसी (रॉकवेल सी). बाहेरचा व्यास १२८, रफिंगनंतर १२०.६ ठेवायचा (फिनिश १२०), लांबी ६०, सगळं मिमीत. म्हणजे एका बाजूने ३.७ मिमी काढायचंय. रिंग आतून सॉफ्ट जॉजवर धरली आहे.

इन्सर्ट (होल्डरवर बसणारा कार्बाइडचा कापणारा तुकडा, त्याचा एकेक कोपरा म्हणजे कॉर्नर) सीएनएमजी १२०४०८, पीव्हीडी कोटिंगचा, होल्डर ९५ अंशाचा. स्पीड मिनिटाला ६५ मीटर, फीड फेऱ्याला ०.१२ मिमी, कट (डेप्थ) १.५, १.५ आणि शेवटी ०.७. कूलंटचा पंप मशीनबरोबर आलेलाच, प्रेशर ६-७ बार. पहिला कट संपत आला की आवाज बदलतो, जॉबच्या कडेला जाड बर (धातूची खरखरीत कड) येते आणि दुसऱ्या कटच्या मधेच कॉर्नर तुटतो. फीड ०.०८ वर आणून पाहिला, तर कॉर्नर आणखी लवकर गेला.

सप्लायर म्हणतो, सिरॅमिक इन्सर्ट घ्या आणि २०० च्या पुढे पळवा. मशीन ११ किलोवॅटचं आहे. घ्यावं का? की आमचंच आधी काही चुकतंय?

सातपूर_टूलरूम

सिरॅमिकचं नंतर बघू. तुटलेला कॉर्नर काही सांगत नाही, पुरावा त्याच्याबरोबर गेलेला असतो. नवीन कॉर्नर लावा, पहिला कट अर्ध्यावर, ३० मिमीला थांबवा आणि इन्सर्ट काढून १० पटीच्या भिंगाखाली बघा. झीज नोजवर (टोकाच्या गोलाईवर) आहे, फ्लँकभर (जॉबला घासणाऱ्या बाजूवर) सारखी आहे, की नोजपासून दीड मिलिमीटरवर एकाच जागी? इन्सर्टच्या बॉक्सवरच्या पट्टीचा रंग (त्यावरून ग्रेड कळते) आणि रिफ्रॅक्टोमीटरचं, म्हणजे कूलंटमधलं तेल मोजणाऱ्या भिंगाचं, रीडिंगही कळवा.

अंबड_टर्निंग

बघितलं. नोज जवळपास नवीनच, फ्लँकवर ०.१ च्या आसपास. पण नोजपासून बरोबर दीड मिमीवर उंदराने कुरतडल्यासारखी त्रिकोणी खाच आहे, तिच्या तोंडाशी चांदीसारखं चकचकीत मटेरियल चिकटलंय. पट्टी पिवळी, एम२५. कूलंट ४ टक्के.

सातपूर_टूलरूम

मग रोग सापडला. ही नॉच वेअर, म्हणजे एकाच जागी खाच पाडणारी झीज. ७१८ मध्ये कॉर्नर मरतो तो बहुतेक वेळा हिच्यामुळेच, आणि तुमच्या सेटिंगमध्ये तिला सगळीकडून खतपाणी मिळतंय.

खाच डेप्थच्या रेषेवरच, म्हणजे नोजपासून कटच्या खोलीएवढ्या अंतरावरच का पडते? इन्सर्टचा बाकीचा भाग आतल्या ताज्या मटेरियलमध्ये चालतो, पण त्या एका बिंदूवर जॉबची वरची कातडी घासते. पहिल्या कटला ती फोर्जिंगची खपली असते. दुसऱ्या कटला पहिल्या कटने स्वतः कडक करून ठेवलेला थर असतो, कारण ७१८ कापताना वर्क हार्डन होतं. चिपची करवतीसारखी कडाही तिथेच घासते, आणि तापलेल्या कडेला हवा लागते तीही तिथेच. त्यात तुम्ही पहिले दोन्ही कट १.५ चे घेताय. पहिल्या कटने पाडलेल्या खाचेवर दुसरा कट पुन्हा बरोबर तिथेच बसतो. दुसऱ्या कटला कॉर्नर तुटण्याचं कारण एवढंच आहे.

७१८ ची उष्णतावाहकता ११ च्या आसपास, साध्या स्टीलची ५०. उष्णता चिपबरोबर निघून जात नाही, इन्सर्टच्या टोकावर साठते. स्टीलच्या सवयीने ६५ चा स्पीड ठेवला की टोक शिजतं. एजिंग झालेल्या ७१८ ला कार्बाइडने रफिंग करताना ४०-५० च्या वर जाऊ नका.

आता फीडचं. ०.०८ वर कॉर्नर लवकर गेला याचं आश्चर्य नको. इतक्या कमी फीडला कड आधीच्या फेऱ्याने कडक केलेल्या थरातच राहते, कापण्यापेक्षा घासते जास्त. शिवाय लांबी बघा. १२८ व्यासाच्या एका फेऱ्यात इन्सर्ट ०.४०२ मीटर कापतो:

फीड ०.०८: ७५० फेरे, ३०२ मीटर.
फीड ०.१२: ५०० फेरे, २०१ मीटर. ६५ च्या स्पीडला साधारण ३ मिनिटं ६ सेकंद.
फीड ०.२०: ३०० फेरे, १२१ मीटर. ४५ च्या स्पीडला २ मिनिटं ४१ सेकंद.

शेवटची ओळ परत वाचा. स्पीड २० मीटरने उतरवूनही कट लवकर संपतो, आणि कड ८० मीटर कमी घासते. या मटेरियलमध्ये वेळ वाचवायचा तो फीडमधून, स्पीडमधून नाही. हे ऑपरेटरला कागदावर मांडून दाखवा, नाहीतर तो सवयीने फीडचाच नॉब मागे फिरवतो.

सिन्नर_प्रोग्रामर

वरच्याशी सहमत. प्रोग्रामकडून दोन गोष्टी.

रफिंगला ९५ अंशाऐवजी ४५ अंशाचा होल्डर आणि एसएनएमजी (चौकोनी) इन्सर्ट लावा. तेवढाच कट कडेच्या जास्त लांबीवर पसरतो आणि चिप पातळ होते: ०.२५ फीडला चिपची जाडी ०.२५ गुणिले ०.७, म्हणजे ०.१८ च्या आत. त्यामुळे फीड ०.२५ पर्यंत नेता येतो. ४५ अंशात जॉबवर रेडियल दाब मात्र वाढतो, रिंगची भिंत पातळ असेल तर ओव्हॅलिटी येईल. जॉज बाहेरून रिंगच्या आतल्या व्यासालाच टर्न करून घ्या आणि पहिली रिंग सोडल्यावर तीन जागी मोजा.

दुसरी गोष्ट, डेप्थची रेषा एका जागी थांबू देऊ नका. पहिला कट तिरका घ्या (एक्स म्हणजे व्यास, झेड म्हणजे लांबी):

पहिला: सुरुवातीला एक्स १२६, झेड -६० ला एक्स १२४. डेप्थ १.० पासून २.० पर्यंत सरकते.
दुसरा: सरळ, एक्स १२२.४. डेप्थ १.८ पासून ०.८ पर्यंत उतरते.
तिसरा: सरळ, एक्स १२०.६. डेप्थ ०.९.

बेरीज दोन्ही टोकांना ३.७. झीज कडेवर पसरते, एका बिंदूवर खड्डा पडत नाही. त्याआधी रिंगच्या तोंडावर १.५ मिमी × ४५ चा चॅम्फर मारून घ्या, तोही वेगळ्या, जुन्या कॉर्नरने. टूलला धारदार, खपली असलेल्या कोपऱ्यात सरळ घुसवायचं नाही. कटमध्ये असताना ड्वेल नको, फीड होल्ड नको. टूल जागच्या जागी घासलं की तेवढा पट्टा कडक झालाच.

११ किलोवॅटबद्दल: ४५ मीटरला तुमचा स्पिंडल ११२ आरपीएमवर फिरणार, तिथे पूर्ण ११ किलोवॅट मिळत नाहीत. २.० डेप्थ आणि ०.२५ फीडला कटिंग फोर्स ढोबळ १५०० न्यूटन (७१८ साठी ३००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरून), म्हणजे टॉर्क सुमारे ९५ न्यूटन-मीटर. मशीनच्या पुस्तकातला टॉर्क चार्ट बघा. तेवढा मिळत नसेल तर फीड ०.२ वर आणा, त्याखाली नको.

सातपूर_टूलरूम

ग्रेड राहिलीच होती. पिवळी पट्टी स्टेनलेसची. तपकिरी पट्टीची एस ग्रेड (७१८ सारख्या उष्णतारोधक मिश्रधातूंची) घ्या, एस१५ च्या आसपास, पातळ पीव्हीडी कोटिंग आणि धारदार पॉझिटिव्ह चिपब्रेकर. जाड सीव्हीडी कोटिंगची कड गोलसर असते, ती इथे कापण्याऐवजी दाबते.

कूलंट_आणि_पाणी

४ टक्के ७१८ ला पुरत नाही. ८ ते १० ठेवा. रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा म्हणजे थेट टक्के नव्हे, तेलाच्या माहितीपत्रकातल्या फॅक्टरने गुणून घ्या. टाकी २०० लिटरची धरली तर ४० लिटर काढून टाका, २८ लिटर पाण्यात १२ लिटर तेल ढवळत मिसळा आणि ते टाकीत घाला. सुमारे ९ टक्के होईल. नेहमी पाण्यात तेल, तेलात पाणी कधीच नाही, नाहीतर मिश्रण फाटतं. बोअरचं पाणी जड असेल तर आरओचं वापरा. उन्हाळ्यात पाणी उडतं आणि पोरं नळाचं साधं पाणी ओततात, ४ टक्के बहुधा तसंच झालंय. टॉप-अपसाठी २-३ टक्क्यांचं मिश्रण वेगळ्या ड्रममध्ये तयार ठेवा.

नोझल जॉबवर नको, चिप आणि इन्सर्टच्या मधे, टोकापासून जितकं जवळ नेता येईल तितकं. दुसरी नळी खालून फ्लँकवर द्या. ७० बारचा पंप असता तर चिपही तुटली असती, पण त्यासाठी हे काम अडवून ठेवू नका.

अंबड_टर्निंग

खूप आभार. शनिवारी सुट्टी असते, तेव्हा टाकी साफ करून घेतो. मग सिरॅमिकचं काय ठरवू? आणि फिनिशला हाच इन्सर्ट चालेल का?

सिन्नर_प्रोग्रामर

४० रिंगांसाठी सिरॅमिक नको. ते चालतं वेगळ्याच तत्त्वावर: २०० च्या पुढच्या स्पीडला कडेपुढचं मटेरियल तापून मऊ होतं, म्हणून कापलं जातं. "जपून चालवू" म्हणत ८० वर ठेवलंत तर तासाभरात बॉक्स संपेल. गोल इन्सर्ट, वेगळा होल्डर, घट्ट पकड, कूलंट एक तर भरपूर नाहीतर अजिबात नाही, असा सगळा संच लागतो. १२ मिमीच्या गोल इन्सर्टला डेप्थ १.८ च्या आत ठेवावी लागते, तरच एंट्री अँगल ४५ अंशाच्या आसपास राहतो. पृष्ठभागही दुखावतो, त्यामुळे पुढे कार्बाइडसाठी किमान अर्धा मिमी शिल्लक हवा, तुम्ही ०.३ ठेवताय. आणि एअरोस्पेसच्या कामात पार्टची प्रोसेस फ्रीझ झालेली (ग्राहकाने कायम ठरवून दिलेली) असेल तर कटिंगची पद्धत बदलायला ग्राहकाची लेखी मंजुरी लागते. ग्रेड आणि स्पीडच्या बदलालाही ती लागते का, हे त्यांच्या क्वालिटीला आजच विचारा, ट्रायलनंतर नको.

सातपूर_टूलरूम

फिनिशला सीएनएमजी १२०४०८ च ठेवा, फक्त एस ग्रेडचा आणि नवा कॉर्नर. स्पीड ५०, फीड ०.१५, डेप्थ ०.३ एकाच कटात. ०.१ चे तीन कट घेऊ नका, ते कडक थरातच फिरतील. ०.८ नोजला ०.१५ फीडवर हिशोबाने आरए (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) ०.९ मायक्रॉन येतो, ड्रॉइंगवर १.६ असेल तर पुरेसा. कट १५० मीटरचा, सुमारे ३ मिनिटांचा. मधे कॉर्नर बदलला तर जॉबवर पायरी दिसते, म्हणून एका रिंगला एक कॉर्नर. पहिल्या पाच रिंगांनंतर दर कॉर्नरची फ्लँक झीज मोजा. ०.२ च्या आत असेल तर त्याच कॉर्नरवर दुसरी रिंग घेऊन बघा. रफिंगचा कॉर्नर मात्र झीज कितीही कमी दिसली तरी दर रिंगला बदला, निदान पहिल्या दहा रिंगांपर्यंत.