शकुंतला पुन्हा धावावी का? यवतमाळचं जुनं स्टेशन आणि त्याच्यामागचे रूळ

मोतीबाग (धागा सुरू करणारा):
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शकुंतला रेल्वे म्हणजे नॅरोगेजचे, अरुंद रुळांचे, दोन फाटे: यवतमाळ-मूर्तिजापूर 113 किमी आणि मूर्तिजापूर-अचलपूर 76 किमी. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या मेन लाइनवर आणायला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ते टाकले, 1910 मध्ये त्यासाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, ही खासगीच राहिली. मँचेस्टरला 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत तिला ओढत होतं. मग डिझेल आलं, आणि शेवटी गाडीच बंद पडली. 2016 मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ब्रॉडगेजसाठी 1500 कोटींचं सांगितलं गेलं. आमच्या आळीत पेढे वाटले होते.

माझे वडील दारव्ह्याहून यवतमाळला शिकायला याच गाडीने यायचे. फाटकाशी गाडी थांबायची, एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा उभी. तो फाटक उघडणार, पळत येऊन चढणार, मग शिटी. गार्डच तिकिटं फाडायचा.

पण आठवणींसाठी नाही म्हणत. यवतमाळ जिल्ह्याचं ठिकाण आहे आणि स्टेशन, जागा, नाव सगळं तयार आहे. रूळ काढून तिथे व्यापारी संकुल उठायच्या आत लाइन पुन्हा सुरू करा, ब्रॉडगेज करून.

काळी माती:
"तयार आहे" हा शब्द मागे घ्या. नॅरोगेज 762 मिमी, ब्रॉडगेज 1676. रूळ दोन हात सरकवले की झालं, असं नसतं. भराव अरुंद, वळणं छोट्या गाडीच्या बेताची, मोऱ्या आणि पूल हलक्या डब्यांसाठी बांधलेले. त्यात आपली काळी माती: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर जड मालगाडी न्यायची तर आधी मुरमाचा जाड थर हवा. मी रस्त्याच्या कामांवर आयुष्य काढलंय, रस्त्याचंच काय होतं ते पाहतो. शेवटी जुन्या लाइनमधून वापरात येईल ती फक्त जमिनीची पट्टी, आणि तीही जागोजागी अपुरी.

दुसरं म्हणजे वर्धा-यवतमाळ-नांदेड. 284 किमीची लाइन, वर्धा ते कळंब फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. ती यवतमाळहून पुढे दारव्हा, दिग्रस, पुसद करत नांदेडला जाणार. म्हणजे तुमच्या वडिलांच्या दारव्ह्यालाही रेल्वे येतेच आहे. मग एका शहराला दोन ब्रॉडगेज कशासाठी?

मोतीबाग:
नांदेडची लाइन कारंज्याला जात नाही. कारंजा लाड, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, वर्षभर भाविकांची ये-जा.

काळी माती:
कारंज्याला समृद्धी महामार्ग आहे.

मोतीबाग:
समृद्धीवरून एसटीच्या पासवाला पोरगा जातो का हो?

संत्राबाग:
राजेहो, तुमी दोघं बी यवतमाळच्याच स्टेशनात बसून भांडून रायले. दुसरा फाटा कोनी पायला? मी परतवाड्याचा, अचलपूरले लागूनच. यवतमाळले वर्ध्याकडून रेल्वे येऊन रायली, आमच्या अचलपूरले काय येऊन रायलं? काईच नाई. शकुंतला होती, ते गेली. संत्रा आमचा, मेळघाटाचं लाकूड आमच्या दारातून, चिखलदऱ्याचे पाहुणे आमच्या गावातून, आन् रेल्वे पाहाची तर बडनेऱ्याले जा. पोट्ट्याले पुण्याले पाठवाचं म्हनलं तर ट्रॅव्हल्स. दिवाळीत तिकिटाचा भाव विचारू नोका.

हिशेबी:
संत्राबाग, दुःख खरं आहे, पण लाइनचं तोंड कुठे आहे ते बघा. अचलपूरहून अंजनगाव, दर्यापूर करत ती मूर्तिजापूरला उतरते, कारण कापसाच्या गाठींना मुंबई गाठायची होती. माणसांना कुठे जायचंय? कॉलेज, दवाखाना, कोर्ट, सगळं अमरावतीला. परतवाडा-अमरावती रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. रेल्वेने जायचं तर आधी मूर्तिजापूर, तिथून बडनेरा, मग अमरावती. असा वळसा कोण घालेल? गाठींच्या सोयीची रेघ गिरवत बसण्यापेक्षा अमरावती-परतवाडा नवी लाइन मागा.

संत्राबाग:
नवी लाइन मागाची म्हंजे माहा नातू म्हातारा होईल. जमीन संपादन, मोजनी, हरकती, कोर्ट. अथी निदान पट्टी तं हाये. आन् दर्यापूर-अंजनगाववाल्याईले अकोला-मुंबईच पाहिजे, ते काय अमरावतीले जाऊन बसनार हायेत?

प्लॅटफॉर्म नंबर तीन:
एक मधलं सुचवतो. अकोला-अकोट मीटरगेज होतं, ते ब्रॉडगेज होऊन 2022 मध्ये गाडी सुरू झाली. अकोटहून अंजनगाव काही लांब नाही, तीच लाइन तिथवर वाढवा. आणि नॅरोगेजचा एखादा तुकडा वारसा म्हणून ठेवा, माथेरानसारखा.

हिशेबी:
माथेरानला डोंगर आहे, थंड हवा आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशात मूर्तिजापूर ते कारंजा पत्र्याच्या डब्यातून कोण हौसेने जाईल? सासरेबुवांना पाठवा.

कपाशी:
एवढी चर्चा झाली, मूळ मुद्दा राहिलाच. या लाइनचं भाडं आपण अजून इंग्रजांना देतो! लाज वाटली पाहिजे.

काळी माती:
हे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलं ना? किलिक निक्सनची मालकी कधीच भारतीय हातात गेली, कंपनी मुंबईची आहे. भांडण इंग्रजांशी नाही, रेल्वेचा या कंपनीशी असलेला करार आणि जागा कोणाच्या नावावर याचं आहे. ते सुटल्याशिवाय 1500 कोटी काय नि 3000 काय.

मोतीबाग:
रात्री सगळं पुन्हा वाचलं. यवतमाळचं स्टेशन मला हवंय ते, खरं सांगायचं तर, वडिलांसाठी हवंय. काळी माती, तुमचा दारव्ह्याचा मुद्दा मान्य. कारंज्याचा सोडत नाही. पण पैसा एकाच फाट्याला मिळणार असेल, तर अचलपूरला जाऊ द्या. आम्ही एक स्टेशन हरवलंय, त्यांची सगळी रेल्वेच गेली. शीर्षकातलं यवतमाळ काढून अचलपूर घालता येतं का?

संत्राबाग:
बापा! यवतमाळवाला मानला. संत्र्याची पेटी पाठवतो. ट्रॅव्हल्सनंच येईल.

काळी माती:
शीर्षक बदला खुशाल. 76 किलोमीटरमधली किती जागा आज मोकळी आहे, ते मोजून कोण येणार तेवढं सांगा. दर्यापूरपर्यंत मी मोटरसायकलवर यायला तयार आहे, पेट्रोल संत्राबागचं.