अनुभव धागा : 'प्रार्थनेत आठवण ठेवतो' म्हटल्यावर पुढं काय झालं?

धागाकर्ती :
लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस चालू आहेत. रविवारी चर्चमध्ये योहानाच्या शुभवर्तमानातल्या २१ व्या अध्यायावर संदेश झाला. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? पेत्र हो म्हणतो, आणि दर वेळी त्याला काम मिळतं ते मेंढरांचं. चार, पाळ, राख. स्वतःसाठी येशू काहीच मागत नाही.

आपल्या कोल्हापुरात मिशनचं काम सुरू झालं १८५२ साली, अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आले तेव्हा. त्यांच्या नावाचं चर्च आजही आहे. मिरजेला मिशनचे डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला. हे सगळं स्मरणिकांत वाचायला मिळतं. अंथरुणावरच्या म्हातारीची वेणी कुणी घातली, ते मात्र कुठंच छापून येत नाही. तेवढं इथं लिहा. माणसांची नावं नकोत. वचनं कमी, घडलेलं जास्त.

बावड्याची लेक :
आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी एकटी, नोकरी सांभाळून. चर्चच्या महिला मंडळातल्या एक मावशी मिरजेला नर्सिंग शिकलेल्या, आता निवृत्त. त्यांनी आल्या आल्या प्रार्थना नाही केली, आधी आईची पाठ बघितली. मग मला शिकवलं : दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती ठेवायची नाही, टाचा उशीच्या पुढं अधांतरी राहू द्यायच्या, भरवताना उठवून बसवायचं नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. बायकांनी आपसात पाळ्या लावल्या. मी ऑफिसातून येईपर्यंत कुणी ना कुणी असायचंच. दुपारी भांडीसुद्धा घासलेली असायची, आणि कुणी घासली ते विचारलं की एकमेकींकडं बोट.

एक सांगायचंच आहे. आईला 'पाणी' म्हणता यायचं नाही, पण नारायण वामन टिळकांचं गीत कुणी सुरू केलं की पुढचे शब्द तिच्या तोंडून सरळ यायचे. आम्हाला चमत्कार वाटला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, बोलणं आणि गाणं मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी असतं. मावशी म्हणाल्या, असू दे की, ठेवलंय कुणी तिथं? पाळक घरी प्रभुभोजन घेऊन यायचे, भाकरीचा कण द्राक्षरसात भिजवून चमच्यानं द्यायचे. शेवटपर्यंत पाठीला एक जखम झाली नाही तिच्या.

उचगावचा रिक्षावाला :
आपलं लांबलचक काय न्हाई. रविवारी सकाळी तीन म्हाताऱ्या आनि एक आजोबा, घरातनं उचलायचं, देवळात सोडायचं, उपासना झाली की माघारी. मीटर पाडत न्हाई. आजोबा दर खेपंला पैसं काढत्यात आनि मी दर खेपंला भांडतोय. आता त्यांनी नवी आयडिया काढलीया, पोरासाठनं भडंगाची पुडी आनत्यात. ती घ्यावीच लागती.

दुधाळीकर :
२०१९ चा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पंचगंगा ५५ च्याही वर गेली होती. हायवे बंद, शहरात पेट्रोल नाही, दूध नाही. आमच्या घरात छातीएवढं पाणी.

आमचे वडील आणि मंडळीतले, म्हणजे आमच्याच चर्चचे, एक काका चर्चच्या पंचांच्या निवडणुकीवरून कित्येक वर्षं बोलत नव्हते. एकाच बाकड्याच्या दोन टोकांना बसायचे, प्रभुभोजनाचं ताट मधल्या माणसाच्या हातून एकमेकांकडं सरकायचं. पाणी चढल्यावर पहिला फोन त्यांचा, तोही वडिलांना नाही, मला. 'तुझ्या बाला सांग, माडी रिकामी हाय.' वडील तयारच होईनात. आई म्हणाली, तुम्ही बसा पाण्यात, मी निघाले.

पाणी उतरेपर्यंत तिथं राहिलो. दोघं पहिल्यांदा बोलले ते वरच्या नळाचा वायसर बदलताना. जुना विषय कुणी काढला नाही, आजही काढत नाहीत. समेट म्हणावा तर तसलंही काही नाही. पण गाळ काढायला काका फावडं घेऊन आमच्या आधी दारात उभे होते.

नाव नको :
दुसरी बाजूही लिहू द्या. माझी नोकरी गेली तेव्हा निम्म्या मंडळीनं 'प्रार्थनेत आठवण ठेवतो' म्हटलं. ठेवलीही असेल. घरात रेशन मात्र शेजारच्या हिंदू वहिनींनी भरलं. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात नेमकं हेच आहे : उघड्या-उपाशी भावाला 'सुखाने जा, पोटभर जेव' म्हणायचं आणि द्यायचं काही नाही. मी देवावर रागावलो नाही. त्या बाकड्यांवर बसवत नव्हतं, एवढंच. आता जातो, शेवटच्या ओळीत बसतो.

निवृत्त मास्तर :
@नाव नको, तुमची तक्रार बायबलमधलीच आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडं दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी 'विश्वास कमी पडतो तुमचा' असं सुनावलं नाही, सात माणसं नेमली. मंडळीची सेवा तक्रारीतून मार्गी लागली, हे आपण विसरतो. आमच्याकडं हंगामाच्या सणाला गुळाची ढेप, नारळ, कोंबडी देवापुढं येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. त्यातला वाटा गरजूंसाठी बाजूला ठेवा, व्यासपीठावरून नाव न पुकारता द्या, असं मी पंचांत मांडत आलोय. अजून 'बघू' चाललंय.

शाहूपुरीतली शेजारीण :
मी ख्रिस्ती नाही, नाताळचा फराळ खाणारी आहे. प्रामाणिक शंका : ही काळजी फक्त आपल्याच लोकांची का?

धागाकर्ती :
विचारलंत ते बरं झालं. बायबलमध्ये प्रेषित पौल गलतीकरांना पत्रात लिहितो की सगळ्यांचं बरं करा, विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं. आम्ही बऱ्याचदा 'विशेषतः' तेवढं वाचतो.

डबेवाली मामी :
माझं जरा वेगळं. मंडळीतल्या एका एकट्या आजोबांना दुपारचा डबा देते. सगळे इथं गोड माणसांबद्दल लिहिताहेत, हे आजोबा गोड नाहीत. भाकरी कडक, आमटी पातळ, पोरगी फार बोलते. खरं सांगते, मला त्यांच्याबद्दल माया वगैरे काही वाटत नाही. सकाळी देवापुढं बसते तेव्हा त्याच्यासाठी काय करू म्हणून विचारते, आणि डोळ्यांपुढं येतो तो त्यांचा स्टीलचा डबा. मग भाकऱ्या थापायला घेते. बीपीमुळं मीठ कमी घालायला सांगितलंय, आता त्यावरून रोज ऐकून घेतेय. काल म्हणाले, तुझ्या सासूच्या हाताला चव होती.