जुन्या लाकडी बोटीची सागवानी काठपट्टी: वार्निश उन्हाळ्यात का सोलतं?

गोदाकाठ (पैठण)
सोळा फुटी जुनी बोट आहे, सध्या शेडमध्ये ट्रॉलीवर. काठपट्टी, कठडा आणि बाकांच्या कडा सागवानी, मिळून चाळीसेक चौरस फूट. दिवाळीत मेलामाइन (फर्निचरचं चकचकीत पॉलिश) मारलं होतं. मे महिन्यात पापुद्रे सुटले, स्क्रूंभोवती काळे डाग आले. आता काय मारावं, किती लागेल? सुतार अळशीचं तेल चोळा म्हणतोय.

पटाशी
मेलामाइन घरातल्या कपाटांना ठीक. ते ठिसूळ असतं. लाकूड ओलीने फुगतं, उन्हात आकसतं, त्याबरोबर ते ताणलं जात नाही. बारीक तडा गेला की पाणी आत जातं आणि खालून पापुद्रा उचलतं. स्पार वार्निश, म्हणजे बाहेरच्या लाकडाचं लवचीक वार्निश घ्या, ऊन अडवणारे घटक असलेलं. आठ हातांना (थरांना) तीन लिटर धरा, पण एक-एक लिटरचे डबे घ्या. उघडलेल्या डब्यावर साय धरते.

जुनं सगळं काढा. हीट गनने मऊ करून स्क्रेपरने खरवडा, मग ८०, १२०, १८० आणि शेवटी २२० नंबरचा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेनेच. आडवा घासलेला ओरखडा वार्निशखाली ठळक दिसतो. बोट जुनी, म्हणजे खाली शिशाचा रंग असू शकतो. तिथे गन आणि कोरडी घासाई दोन्ही नको, रिमूव्हर वापरा. सागाला स्वतःचं तेल असतं, म्हणून वार्निशच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनने पुसा.

पहिल्या हातात वार्निश आणि टर्पेंटाईन निम्मं-निम्मं, म्हणजे ते रेषांत मुरतं. दुसऱ्यात पाव भाग टर्पेंटाईन, तिसऱ्यापासून जेमतेम दहा टक्के. दोन हातांत २४ तास, मध्ये ३२० ने हलकं घासून धूळ पुसायची. डबा हलवू नका, काडीने सावकाश ढवळा. बुडबुडे तसेच वाळतात.

सुतारकाम_नांदेड
वेळेचंही बघा. एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत वरची साय आधी धरते, आतला थिनर फोड काढून बाहेर येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा, पण सकाळी दव वाळल्यावर सुरू करून दुपारी दोनपर्यंत आटपा. ओल्या वार्निशवर रात्री दव पडलं की चकाकी जाते. शेजारच्या शिवारात तुरीची मळणी चालू असेल तर त्या दिवशी राहू द्या.

काळे डाग लोखंडी स्क्रूंचे आहेत. स्क्रू काढून पितळी घाला, डोक्यावर सागाचीच डट्टी (भोक बुजवणारं लाकडी बूच), रेषा जुळवून. घासायला स्टील वूल अजिबात नको, त्याचे कण अडकून गंजतात.

गोदाकाठ (पैठण)
डाग काढायला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड घासायच्या आधी की नंतर?

पटाशी
जुनं वार्निश निघाल्यावर, शेवटच्या घासाईच्या आधी. लिटरभर गरम पाण्यात शंभर ग्रॅम, नायलॉनच्या ब्रशने, हातमोजे आणि चष्मा घालून. डाग फिका झाला की भरपूर पाण्याने धुवा, खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, पुन्हा धुवा. दोन-तीन दिवस सावलीत पूर्ण वाळू द्या. वाळलेल्या अ‍ॅसिडची धूळ नाकात गेली तर घसा जाळते, मास्क लावूनच घासा.

अळशीचं तेल नको. सावकाश वाळतं, धूळ धरतं, बुरशीने काळं पडतं. ते वापरलंच कुणी, तर तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

सुतारकाम_नांदेड
दरवर्षी ३२० ने घासून दोन हात. बारीक तडा दिसला की त्याच आठवड्यात वार्निश टेकवा. आणि बोअरच्या पाण्याने धुतली तर लगेच कापडाने कोरडी करा, क्षाराचे पांढरे ठिपके नंतर निघत नाहीत.