पोकळीत मावला म्हणजे ॲनायन (ऋणभारित आयन) ओळखला?

नायट्रोजनवाला: कालच्या पोस्टमध्ये लिहिलंय, "दोन तांब्यांचा बिस-ट्रेन पिंजरा (दोन धातूंमध्ये पोकळी असलेला सेंद्रिय रेणू) ॲझाइडला (तीन नायट्रोजनांचा सरळ ॲनायन) धरतो, कारण त्याची लांबी पोकळीत चपखल बसते. धातू ही नुसती खुंटी. क्लोराइड बांधला जात नाही." अहो, खुंटी कसली? प्रत्येक तांब्याला चार नायट्रोजनांनी धरलेलं असतं, पाचवी जागा आतल्या बाजूला असते. तिथलं पाणी हुसकून ॲझाइडची दोन टोकं दोन तांब्यांना जोडली जातात. निळं द्रावण हिरवं होतं, ४०० नॅनोमीटरजवळ शोषणाचा पट्टा उगवतो: ॲझाइडकडून तांब्याकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचा. खुंटीने रंग बदलत नाही. शिवाय पाण्यात सल्फेटचं जलावरण (भोवती चिकटलेलं पाणी) उतरवायला मोलमागे १००० किलोजूलच्या वर लागतात, क्लोराइडला साधारण ३४०. एवढी किंमत नुसत्या हायड्रोजन बंधांनी क्वचितच वसूल होते.

पिंजरा: पोस्ट माझीच. नुसता धातू निवडक कुठे असतो? जस्त-सायक्लेन (चार नायट्रोजनांच्या कड्यात बसलेलं जस्त) बघा. एक जागा मोकळी, ॲनायनला वेढणारी पोकळी नाही. फॉस्फेट घेतं, कार्बोक्सिलेट घेतं, थायमिनचा (डीएनएमधला एक घटक) इमाइड गटसुद्धा. पीएच ७.९ ला त्याच्यावरचं निम्मं पाणी हायड्रॉक्साइड झालेलं असतं, म्हणजे तोही स्पर्धक. निवड पोकळीच करते.

ब्युरेट: ज्या बंध-स्थिरांकांवर (ॲनायन किती घट्ट बसतो ते सांगणारे आकडे) भांडताय ते आधी तपासा. झिंक क्लोराइडपासून संकुल बनवायचं आणि वर म्हणायचं, क्लोराइड बांधला जात नाही! तो आधीच बसलाय. त्याऐवजी धातूला फारसे न चिकटणारे नायट्रेट किंवा ट्रायफ्लेट घ्या. परक्लोरेट घेतलंत तर कोरडं अमाइन संकुल खरवडू नका, स्फोट होऊ शकतो. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) फॉस्फेटचा नको, तो स्वतःच बांधला जातो; हेपेसचा घ्या. पीएच ९ ला उघड्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) पिंजरा हवेतला कार्बन डायऑक्साइड कार्बोनेट म्हणून ओढतो. पाणी उकळून नायट्रोजनखाली ठेवा. ब्युरेटमधल्या द्रावणातही रिसेप्टर (ॲनायन धरणारा रेणू) तेवढ्याच संहतीचा ठेवा, नाहीतर पातळ होण्यालाच बंध समजाल.

पिंजरा: विषय आकाराचा होता, बफरचा नाही. जॉब प्लॉटला (एकूण संहती तीच ठेवून दोघांचं प्रमाण बदलत काढलेला आलेख) ०.५ वर शिखर आलं की १:१ ठरलं, संपला वाद.

ब्युरेट: मुळीच नाही! बंध दुबळे असतील तर १:२ संकुल असूनही शिखर ०.५ जवळच दिसतं. मोजलेल्या आकड्यांवर मॉडेल बसवा आणि उरलेला फरक बघा. तो लाटेसारखा दिसला तर मॉडेल चुकलंय. आणि १ मिलिमोलर द्रावणात दहा लाखांचा स्थिरांक एनएमआरने (चुंबकक्षेत्रात रेणूंचे संकेत मोजणारं तंत्र) काढणं थांबवा. रेषा १ समतुल्यापर्यंत (रिसेप्टरइतकाच ॲनायन पडेपर्यंत) सरळ चढते आणि एकदम आडवी होते, त्यातून आकडा निघतच नाही. तांबं तर अनुचुंबकीय, शिखरं फिस्कटतात. १०-२० मायक्रोमोलर घ्या, यूव्हीवर (अतिनील प्रकाशाच्या शोषणावर) मोजा.

नायट्रोजनवाला: त्याच पिंजऱ्यात तांब्याऐवजी जस्त घाला. बफर तोच, पीएच तोच. ॲनायनांचा क्रम बदलला तर "खुंटी" मागे घ्याल?

पिंजरा: क्लोराइडचा मुद्दा मान्य करावा लागतोय, पोस्टमधली ती ओळ काढतो. पण जस्त घातलं की दोन धातूंमधलं अंतरही सरकू शकतं, म्हणजे पोकळीही बदलली. "खुंटी" मागे घेतो. "चपखल" नाही.