सेंट लुईस : आई-बाबांसोबत तीन-चार दिवस. आर्चवर चढावं का? मिसिसिपी कुठून बघावी?

पाऊलवाट :
ऑक्टोबरमध्ये शुक्रवार ते सोमवार शिकागोहून सेंट लुईसला जायचं आहे. सोबत आई-बाबा, दोघंही सत्तरीचे. आईचे गुडघे दुखतात. शंभरेक पायऱ्या चढते, पण थांबत थांबत. बाबांना बंद जागेत गुदमरतं. दोघं शाकाहारी, आई अंडंही खात नाही.
विचारायचं एवढंच :
१) गेटवे आर्चच्या, म्हणजे नदीकाठच्या त्या उंच कमानीच्या, वर जाण्यात अर्थ आहे का?
२) बाबांना मिसिसिपी आणि तिच्यावरची मालवाहतूक नीट बघायची आहे. ती कुठे दिसेल?
३) गाडी न्यावी की रेल्वेने जावं?

काठावरचा :
आर्चची उंची ६३० फूट आणि दोन पायांमधलं अंतरही ६३० फूटच. कमान वाकडी, त्यामुळे आतून सरळ लिफ्ट नेता येत नाही. त्याऐवजी आठ छोट्या डब्यांची माळ वर ओढली जाते, तिलाच ट्राम म्हणतात. एका डब्यात पाच जण. डबा आतून जेमतेम पाच फूट व्यासाचा आणि दार चार फूट उंच, म्हणजे वाकूनच शिरायचं आणि पिंपात बसल्यासारखं गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. वर जाताना डबा सरळ राहावा म्हणून तो मधूनमधून खटकन फिरतो. तो आवाज बिघाडाचा नाही, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. दाराला काच आहे, बाहेरचे लोखंडी जिने दिसत राहतात. चढायला ४ मिनिटं, उतरायला ३.

खाली तिकीटखिडक्यांजवळ डब्याची प्रतिकृती ठेवली आहे. बाबांना तिच्यात दोन-चार मिनिटं बसवा आणि मगच ठरवा. नाहीच जमलं, तर जमिनीखालचं संग्रहालय फुकट आहे आणि खरोखर चांगलं आहे. आर्चच्या माथ्याची प्रतिकृतीही तिथेच आहे, वरून दिसणारं दृश्य कॅमेऱ्यातून तिथे बघता येतं.

आईंसाठी : ट्राम धरली तरी पायऱ्या चुकत नाहीत. किमान ९६ आहेत, सहा टप्प्यांत. वर बाथरूम नाही. खिडक्या अगदी अरुंद असून उतरत्या भिंतीत बसवल्या आहेत, त्यामुळे भिंतीवर पोट टेकून ओणवं झाल्याशिवाय खालचं दिसत नाही. गुडघ्यांपेक्षा कंबरेलाच जास्त त्रास होतो.

तिकीट वेळेचं असतं, शनिवार-रविवारचं आधीच काढा. प्रवेशद्वार नदीकडून नाही, शहराच्या बाजूने, जुन्या कोर्टासमोर आहे. विमानतळासारखी तपासणी होते, म्हणून वेळेच्या निदान अर्धा तास आधी पोचा. तिकिटावरची वेळ ट्रामची असते, दारातून आत शिरण्याची नव्हे. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं.

रस्त्यापलीकडचं ते जुनं कोर्ट अजिबात चुकवू नका. ड्रेड स्कॉट आणि हॅरिएट स्कॉट या गुलाम दांपत्याने स्वातंत्र्यासाठी केलेला दावा १८४७ आणि १८५० मध्ये इथेच चालला. १८५० मध्ये ते जिंकले, पुढे वरच्या कोर्टांत निकाल फिरला आणि १८५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने दावा फेटाळला. अमेरिकेचं यादवी युद्ध जवळ आणणाऱ्या गोष्टींमध्ये हा निकाल मोठा आहे.

मैलाचा_दगड :
दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. आर्चभोवती हिरवळ दिसते तिथेच १७६४ मध्ये वसलेलं मूळ गाव होतं. स्मारकासाठी १९४० च्या आसपास सुमारे ४० ब्लॉक पाडले. त्यामुळे 'जुनं नदीकाठचं शहर' म्हणून आर्चखाली शोधलं तर हाती फार लागत नाही. उरलंय ते थोडं उत्तरेला, लॅक्लीड्स लँडिंगच्या विटांच्या गोदामांत, आणि शेजारच्या ईड्स पुलात.

ईड्स पूल बाबांना नक्की दाखवा. १८७४ चा, पोलादाच्या तीन कमानींचा, मधली ५२० फुटांची. इतकं पोलाद पुलात वापरायची तेव्हा पद्धतच नव्हती, म्हणून लोकांचा विश्वास बसावा यासाठी आधी हत्ती चालवत नेला आणि नंतर १४ इंजिनं एकदम उभी केली. पाये खडकापर्यंत नेताना मजूर दाबाच्या हवेच्या पेट्यांमध्ये काम करत. बाहेर पडताना दाब हळूहळू उतरवायला हवा हे तेव्हा नीट कळलेलं नव्हतं, त्यात डझनाहून जास्त माणसं गेली. आज वरून मोटारी आणि खालच्या मजल्यावरून मेट्रोलिंक ही शहराची लोकल रेल्वे जाते. आर्चच्या बाजूच्या फूटपाथवरून मध्यापर्यंत चालत जा, चढ सौम्य आहे. नदी, बार्ज (मालाचे सपाट तराफे) आणि आर्च तिन्ही एका नजरेत येतात.

आता मालवाहतूक. एक बार्ज साधारण १९५ फूट लांब, ३५ फूट रुंद आणि दीड हजार टन माल नेणारा. सेंट लुईसच्या वरच्या अंगाला लॉक (पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणारे दारांचे हौद) आहेत म्हणून तिकडे १५ बार्जांचा जुडगा चालतो, तीन रुंद आणि पाच लांब. खाली समुद्रापर्यंत एकही लॉक नाही, तिकडे तीस-चाळीस एकत्र बांधतात. ही जुळवाजुळव शहराजवळच्याच पाण्यात होते. ऑक्टोबर म्हणजे मका-सोयाबीनच्या सुगीचा हंगाम, वर्दळ भरपूर असते. पाणी मात्र तेव्हा बहुधा कमी असतं, मग बार्ज पूर्ण भरत नाहीत.

जवळून बघायचं तर उत्तरेला सुमारे २५ मैलांवर ऑल्टनचं मेल्विन प्राइस लॉक. त्याचं मोठं लॉक १२०० फुटांचं असल्याने १५ बार्ज एका फेरीत पार होतात. आणखी वरच्या ६०० फुटी लॉकमध्ये तोच जुडगा दोन तुकडे करून काढावा लागतो. शेजारी नद्यांचं फुकट संग्रहालय आहे, तिथूनच लॉकच्या टूर निघतात. टूरची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या.

आणि एक. 'ओल्ड चेन ऑफ रॉक्स' हा रूट ६६ या प्रसिद्ध जुन्या महामार्गाचा पूल सगळे सुचवतात. मैलभर लांब, मध्ये वळण घेणारा आणि फक्त पायी नि सायकलसाठी. सुंदर आहे, पण बार्ज बघायला तिथे जाऊ नका. तिथल्या खडकाळ धारेला वळसा घालून सगळी वाहतूक १९५३ पासून कालव्यातून जाते, पुलाखालून बार्ज जातच नाहीत.

आर्चखालून तासाभराची बोटफेरी मिळते. पाणी चढलं की रद्द होते, पण तो धोका मुख्यतः एप्रिल ते जून. इथे ३० फुटांला पूर धरतात. १ ऑगस्ट १९९३ ला पातळी ४९.५८ फूट होती, आर्चच्या पायऱ्यांवर पाणी आलं होतं. बोटीकडे जाणारा दगडी उतार उंचसखल आणि ओला असला की निसरडा, आईंचा हात धरा.

शेवंता :
वरच्या दोघांनी कहोकिया सांगितलंच नाही! डाउनटाउनपासून गाडीने १५ मिनिटं, नदीपलीकडे इलिनॉयमध्ये. १९८२ पासून जागतिक वारसास्थळ. हजार वर्षांपूर्वी इथे हजारो वस्तीचं शहर होतं, युरोपीय यायच्या कितीतरी आधी. माँक्स माउंड हा शंभर फुटी मातीचा चौथरा माणसांनी टोपल्यांनी माती वाहून रचला, पाया सुमारे १४ एकर. दीडशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पण कठडा आहे आणि मध्ये सपाट टप्पा लागतो. आई तिथवर गेल्या तरी अंदाज येतो. माथ्यावरून दूरवर आर्च दिसते. सावली अजिबात नाही, सकाळीच जा. आतलं संग्रहालय दुरुस्तीसाठी बरेच दिवस बंद होतं, चौकशी करून निघा.

माझ्या मते आर्चच्या आधी हे बघावं. पश्चिमेचं दार म्हणून मिरवणारं शहर कोणाच्या जमिनीवर उभं आहे, ते मग समजतं.

सोमवारी फॉरेस्ट पार्क या शहरातल्या मोठ्या उद्यानामधलं कला संग्रहालय आणि इतिहास संग्रहालय बंद असतात, ती शनिवार-रविवारी उरका. प्राणिसंग्रहालय सोमवारीही चालू असतं. तिन्ही फुकट, करातून चालतात. प्राणिसंग्रहालयातला पक्ष्यांचा प्रचंड पिंजरा १९०४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला आहे, बाबांना आवडेल.

पाऊलवाट :
मनापासून आभार. मग ऑल्टन आणि कहोकियासाठी गाडी लागणारच, बरोबर? आणि जेवणाचं?

काठावरचा :
हो, लागेल. रेल्वेला सुमारे पाच तास लागतात आणि स्टेशनलाच मेट्रोलिंक आहे, पण ही दोन ठिकाणं रेल्वेने होत नाहीत. रेल्वेने येऊन एक दिवस गाडी भाड्याने घेणं सोपं पडेल. गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका, चार्जरची वायरसुद्धा. डाउनटाउनमध्ये काचा फोडण्याचे प्रकार होतात. बेसबॉलचा सामना असेल त्या दिवशी आर्चजवळचं पार्किंग महागतं, आधी वेळापत्रक बघा.

शेवंता :
जेवणाचं : 'टोस्टेड रॅव्हिओली' इथली खासियत, पण न सांगता मागवली तर बहुधा आत मांस असतं. चीजची किंवा पालकाची आहे का विचारा. पातळ कडक पोळीचा, चौकोनी कापलेला प्रोव्हेल चीजचा पिझ्झा भाज्या घालून मिळतो. गूई बटर केकमध्ये अंडं असतंच. टेड ड्र्यूजच्या फ्रोझन कस्टर्डसाठी लोक रांग लावतात, तेही आईंना चालणार नाही, कारण कस्टर्डमध्ये अंड्याचा बलक असतो. नेहमीचं आइस्क्रीम समजून घेऊ नका. भारतीय हॉटेलं आणि वाणसामानाची दुकानं मुख्यतः पश्चिमेकडच्या उपनगरांत आहेत, डाउनटाउनमध्ये राहणार असाल तर रात्रीचं जेवण तिकडून परततानाच उरका.